उत्तरातली हरळी

अंगणात लॉन करायचं म्हटल्यावर अण्णांनी पेपर खाली ठेवला. "हरळी काढता काढता माझी कंबर गेली, आन् तू ती दारात लावणार व्हय?" मी गप्प. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या केम गावच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही नावं शिवीसारखीच घेतली जातात.

•

हरळी मारायची ती वैशाखात. खोल नांगरट करायची आणि उलथलेल्या ढेकळांतल्या काशा उन्हात करपू द्यायच्या. जगवायची तर हेच पंचांग उलटं वाचायचं.

•

नर्सरीवाले सांगतात, पहिल्या पावसावर लावा. पुण्याकडं चालत असेल. मी गेल्या साली मृगातच लावली. दोन सरी आल्या, मग तीन आठवडे आभाळ नुसतं वरून जात राहिलं. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. बोअरचं पाणी घातलं, तर त्यावर गाजरगवत आणि लव्हाळाच माजला. लव्हाळा ओढला की पात हातात येते, गाठ खालीच राहते. आठ दिवसांत पुन्हा हजर.

•

सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा महिना सप्टेंबर. म्हणून तर इथं शाळू उत्तरा-हस्तावर पेरतात. हे लहानपणापासून बघत आलोय, तरी गवतासाठी नर्सरीवाल्याला विचारायला गेलो.

•

इंग्लंडातही लॉनचं बी सप्टेंबरात टाकतात. कारण मात्र वेगळं. तिकडच्या गवताला गारवा मानवतो. आपली हरळी उन्हाळी जातीची, थंडी पडली की वाढ मंदावते. म्हणून हस्त सरेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातच तिला पसरून घेऊ द्यायचं.

•

यंदा श्रावणात जमीन खणून शेणखत मिसळलं आणि काहीच लावलं नाही. तण उगवू दिलं, काढलं. परत उगवू दिलं, परत काढलं. शेजारी विचारायचे, "लॉन कुठाय?"

•

१३ सप्टेंबरला उत्तरा निघालं. चौथ्या दिवशी वाफसा आल्यावर लावणी केली. तीन-चार पेरांचे तुकडे, चार-चार बोटांवर, एक तरी पेर मातीत आणि शेंडा वर. शेजारच्या मावशी कुंकवाच्या कारखान्यातून येता येता मदतीला बसल्या. त्यांनी खोचलेल्या ठोंबांच्या पाती लालसर झाल्या. पहिल्या पाण्यानं तो रंग उतरला.

•

पाचव्या दिवशी अण्णा कडेचा एक ठोंब उपटताना दिसले. मी बघतोय म्हटल्यावर थबकले. "सवयीनं हात गेला," म्हणाले, आणि तिथंच परत खोचून अंगठ्यानं माती दाबली.