मान आणि धन

देवस्थानाच्या कारभाराशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला आहे, त्या आमच्या वाचकांना ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको. पहाटे चौघडा वाजविणे, पालखीपुढे दिवटी धरणे, पूजेची फुले आणणे, ही सारी सेवाच. तथापि त्या सेवेकऱ्याचा वाटा ठरलेला असे. कोठे देवाच्या नावची जमीन त्याच्याकडे असे, तर कोठे गुरवाला खळ्यावर बलुते मिळे. तो वाटा मागितला म्हणून त्याची भक्ती उणी झाली, असे कोणी म्हणत नसे. हे सारे आम्हांस आठवले ते आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरच्या बाजूस.

हा मुलूख डोंगराळ. वस्ती गोंड, कोलाम, बंजारा यांची, आणि मराठी बोलणारी घरेही पुष्कळ. हैदराबाद राज्यातून 1956 मध्ये आंध्र प्रदेशात आणि 2014 मध्ये तेलंगणात असे या भूमीचे स्थलांतर कागदावरच झाले; चुलीपाशी मराठी होती ती राहिली. येथे वैद्यकाची पहिली पायरी दवाखान्याच्या दारात नाही. ती गुड्यावरच राहणारी ‘आशा’ होय. गरोदर बाईची नोंद ठेवणे, तापकऱ्याच्या बोटातील रक्त तपासणीसाठी घेणे, क्षयाच्या रोग्यास वेळेवर औषध देणे, अपरात्री अडलेल्या बाईबरोबर आरोग्य केंद्र गाठणे, हे तिचे काम. आम्हांस एका ताईने आपल्या दोन वह्या दाखविल्या. सरकारी नोंद तेलुगूत, स्वतःचा हिशेब मराठीत. दुसऱ्या वहीत प्रत्येक कामापुढे दर लिहिलेला होता. रात्रीच्या चालण्यापुढे मात्र दर नव्हता.

याचे मूळ 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आहे. आशेला त्यात नोकर न मानता स्वयंसेविका मानले गेले. म्हणून तिला पगार नाही. कामागणिक मोबदला आणि त्यावर राज्याने घातलेली भर. या पैशाला आपण ‘मानधन’ म्हणतो. शब्द मोठा सोयीचा आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशांचा गौरव केला, तेव्हा त्यातील मान तरी पुरता पदरात पडला.

“सेवा करणाऱ्यांनी संप करावा काय?” असे विचारणारे सज्जन आमच्या मंडळींतही भेटतात. त्यांच्याशी आमचा वाद एवढाच की, ठरलेल्या हक्काची सेवा आणि न ठरलेल्या मोबदल्याची सेवा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जुन्या गावगाड्याने दोन्ही पाहिल्या. महार वतनात कामाला सीमा नव्हती आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर होता, त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. त्या व्यवस्थेलाही गाव ‘चाकरी’ आणि ‘मान’ अशीच नावे देत असे.

बरे, एकट्या आशेने मागावे तरी कोणाकडे? आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या हाती काही नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्याही नाही. दराचा काही भाग दिल्लीत ठरतो, काही राज्याच्या राजधानीत. गुड्यावरून तेथवर एका बाईचा आवाज पोहोचत नाही. हजारो बायकांचा पोहोचतो. संघटनेचे सारे प्रयोजन या अंतरात आहे. तेलंगणातील आशांनी 2015 मध्ये शंभराहून अधिक दिवस काम बंद ठेवले. 2017 मध्ये मुख्यमंत्र्यांनी महिना 6,000 रुपयांची घोषणा केली. जानेवारी 2022 मध्ये तो आकडा 7,500 वरून 9,750 वर गेला. तोही कामाच्या मोजमापाशी बांधलेला. म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये त्या पुन्हा रस्त्यावर उतरल्या.

सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, त्याच हंगामात जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये तेथे संप झाला आणि नोव्हेंबरात 7,000 रुपये वाढीचे आश्वासन मिळाले. बायका कामावर परतल्या. शासन निर्णय मात्र निघेना. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी पुन्हा काम थांबविले आणि फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडले. मार्चमध्ये कागद निघाला तो 5,000 रुपयांचा, नोव्हेंबर 2023 पासून लागू. आश्वासन आणि कागद यांत 2,000 रुपयांची तूट पडली. पण कागद आहे म्हणून निदान तो दाखविता येतो.

संपकाळात ताप काही संप करीत नाही, हे आम्ही जाणतो. जुलै 2014 मध्ये महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी संप केला, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रांची दारे ओस पडलेली लोकांना त्याच दिवशी दिसली. आशेचा संप असा दिसत नाही. एखाद्या गुड्यावरील लस चुकते, एखादी बाळंतीण घरीच राहते, आणि आकडे महिन्याने बोलतात. डॉक्टर लवकर ऐकला जातो आणि आशेला शंभर दिवस बसावे लागते, त्याचे एक कारण हे असावे. उशीर जितका लांबतो, तितकी त्याची किंमत गुड्यावरील दुसरी गरीब बाई भरते. ही अवघड गोष्ट संघटनेच्या बायकांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. त्यातील रोगी त्यांच्याच भावकीतले असतात.

भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच शिफारस केली होती की, अशा योजनांतील बायकांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा उपदानाचा हक्क मान्य केला. आशेसाठी असा निवाडा त्या वेळी झाला नाही. 2023 च्या संपात तेलंगणातील आशांनी मागितले ते दरमहा 18,000 रुपये, आणि तेही मोजमापाविना, ठरलेले.