आधी पाणी विचारा

मुंब्र्यातला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बत्तीस वर्षे तो जिना आम्ही चढलो, उतरलो. आता गुडघे तक्रार करू लागले. मुलगा पुण्यात स्थिरावला, मुलगी सासरी गेली, नोकरीही संपली. मग जेवणानंतर रोज एकच विषय निघू लागला: फ्लॅट विकावा आणि वऱ्हाडातल्या एखाद्या लहान गावात अंगण असलेले घर घ्यावे. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, फ्लॅटच्या पैशांत बसेल तेच घ्यायचे, हे आधीच ठरले होते.

आमच्यापैकी एकाचे आजोळ अकोट तालुक्यातले. सुट्टीत पाहिलेले कापसाचे ढीग, धाब्याच्या घरातला गारवा आणि दारातला कडुनिंब, एवढ्या आठवणींच्या जोरावर आम्ही घर घ्यायला निघालो होतो. त्या आठवणींत पाणी कुठेच नव्हते. घरात पाणी कोण आणि कुठून आणते, हे मुलांना कुठे ठाऊक असते?

नोव्हेंबरात अमरावती एक्सप्रेसने पहाटे अकोल्याला उतरलो. मुक्काम आपांकडे होता. चहा पिता पिता आम्ही दुल्हेभाईंना आमची यादी दाखवली: बाळापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, अचलपूर. शेजारी कोणते, मशीद किती दूर, दवाखाना कुठे, बाजार कधी भरतो, असे सगळे रकाने वहीत आखले होते. दुल्हेभाईंच्या घरात उर्दू चालते, पण महत्त्वाचे काही सांगायचे झाले की ते वऱ्हाडीवर येतात. वही परत देत ते म्हणाले, “घर मंग पाहा. पयले पानी इचारा.”

संध्याकाळी त्यांनी पेनाएवढे एक मीटर आणून दिले. पाण्यात बुडवले की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. वहीत आम्ही एक रकाना वाढवला आणि तो सगळ्यांच्या आधी लिहिला.

खारपाणपट्टा

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधल्या खोलगट भागातून पश्चिमेकडे तापीला भेटायला निघालेली पूर्णा नदी. या खोलगट भागात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. माती चिकण, निचरा कमी, आणि जमिनीखालच्या पाण्यात मीठ. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. वाळवंट म्हटले की वाळूच डोळ्यांपुढे येते. इथे काळीभोर, कसदार जमीन आहे. पावसाच्या ओलीवर कपाशी, तूर आणि हरभरा उत्तम येतो. पण विहीर खणली तर पाणी लागते आणि तेच पाणी तोंडात धरवत नाही.

त्यामुळे इथल्या गावांचे पिण्याचे पाणी दुरून येते. सातपुड्यातल्या वान आणि शहानूर धरणांतून, तर दक्षिणेकडून काटेपूर्णेतून नळयोजना आल्या. खुद्द अकोला शहर काटेपूर्णा धरणाचे पाणी पिते. धरण भरले की गाव निवांत, नाही भरले की रांगा. आपा म्हणाल्या, त्यांच्या माहेरी विहिरीच्या पाण्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाणा दाण्याला चिकटत नसे. डाळीसाठी पावसाचे पाणी रांजणात साठवून ठेवायचे, आणि पाहुणा आला तर चहा त्याच पाण्याचा.

बाळापूरची भेग

बाळापूर अकोल्याहून बसने तासाभराच्या आत येते. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उंच किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचे नवाब इस्माईल खान यांनी 1757 मध्ये ते पुरे केले, असे सांगतात. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी देखणी छत्री आहे. तिच्या सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला आणि हेच आपले गाव, असे मनाशी ठरवूनही टाकले.

घर आठ वर्षांपूर्वीचे, नवा रंग दिलेले. बरोबर आणलेल्या मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलेच नाही. कपाट सरकवायला लावले. मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग होती, आत बोट जाईल एवढी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात, तेच घराखालीही घडते. मिस्त्री म्हणाले, “पाया मुरमापावतर नेला नाई, तं भिंत फाटतेच. रंग कितीक डाव देसान?” त्यांची मजुरी देऊन आम्ही परत फिरलो. त्या दिवशी वाचलेल्या पैशांपुढे ती मजुरी काहीच नव्हती.

दर्यापूरचे घर

मूर्तिजापूरवरून दर्यापूर. या वाटेवरून पूर्वी शकुंतला नावाची छोटी रेल्वे अचलपूरपर्यंत जायची. आता ती बंद आहे, रूळ गवतात हरवले आहेत. दर्यापूर कापसाचे जुने गाव. तिथे आम्हाला आठवणीतले घर सापडले. जाड मातीच्या भिंती, वर धाबे, दारात कडुनिंब, अंगणात दगडी कठड्याची विहीर. किंमत एकवीस लाख, म्हणजे आमच्या आवाक्यातली. शेजारच्या काकूंनी ओळख नसताना आत बोलावले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. “या बाई इथं राहाले. आमाले बी सोबत व्हईन,” म्हणाल्या. असा शेजार मुंबईत शोधून सापडला नसता.

विहिरीतून पोहरा काढून मीटर बुडवले. आकडा 2000 च्या बराच पुढे गेला. मग भिंतीकडे नीट पाहिले. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरी बुरशी असावी तसा थर, हात लावला की पिठासारखा गळणारा. याला लोणा म्हणतात. जमिनीतले खारे पाणी भिंतीत चढते, पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि गिलावा पोखरते. कुलरच्या गवतावरही तसाच पांढरा थर होता. नळ होता, नळाचे पाणी गोड होते, छतावरचे पावसाचे पाणी साठवायला टाकी बांधता आली असती. पण आमच्यापैकी एकाला रक्तदाब आहे आणि मीठ कमी करा असे डॉक्टरांनी बजावलेले आहे. तरीही, खरे सांगायचे तर, त्या कडुनिंबाखाली उभे राहून आम्ही टाकीचाच हिशोब करत होतो.

दुसऱ्या दिवशी कागद पाहिले. नगरपरिषदेच्या नोंदीत आणि आखीव पत्रिकेवर अजून वडिलांचेच नाव. वडील बारा वर्षांपूर्वी वारले, आई त्यांच्या आधीच गेलेली. तीन भाऊ सही करायला तयार. दलालांना विचारले, बहीण नाही का? “हाये एक, मूर्तिजापूरले. तिनं तोंडी सोडलं हाये. थिचं काई नाई.”

आमचे वकील म्हणाले, तोंडी चालणार नाही. तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवे, नाहीतर खरेदीखतावर तिची सही तरी हवी. कायद्याचे उत्तर तिथेच मिळाले होते. पण आम्हाला ते पुरेसे वाटेना. सूरह निसामध्ये मुलाचा वाटा दोन मुलींच्या वाट्याएवढा सांगितला आहे. तीन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे सात वाटे. एकवीस लाखांतले तीन लाख तिचे. एवढा सरळ हिशोब बारा वर्षे कुणी केला नव्हता.

परतताना मूर्तिजापूरला उतरून आम्ही तिला भेटलो. शिवणाचे मशीन, दोन मुली, नवरा गॅरेजमध्ये कामाला. घर विकायला काढल्याचे तिला आमच्याकडून कळले. थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, “भावांनी मागितलं असतं तं मी सोडलंही असतं. कोनी इचारलंच नाई.” माहेर तुटेल या भीतीने तिनेही कधी विषय काढला नव्हता. ही भीती आपल्या किती घरांत असते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. बहीण हक्क मागते तेव्हा तिला लोभी म्हणतात, आणि मागत नाही तेव्हा तिने सोडला असे धरतात.

भावांना आम्ही निरोप दिला: बहिणीचा वाटा तिच्या हातात पडणार असेल तरच पुढे बोलू. धाकट्याने ऐकून घेतले. थोरल्याने फोन ठेवून दिला. त्या रात्री आपांकडे आम्हाला झोप आली नाही. घर हातचे गेले याचे वाईट वाटत होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लोण्यावर कितीही गिलावा केला तरी तो पुन्हा वर येतो, हे त्याच भिंतीत आम्ही पाहिले होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी

अंजनगाव सुर्जीत आम्ही अर्धा दिवसच थांबलो. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथला. गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. मनासारखे घर मात्र दिसले नाही.

अचलपूरला पोहोचलो तेव्हा उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. 1490 पासून ऐंशीहून अधिक वर्षे चाललेल्या इमादशाहीची ही राजधानी, जुने एलिचपूर. शहरात दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा आहे आणि बाहेर हौज कटोऱ्याचे अवशेष. जुन्या वेशी, उर्दू आणि मराठी दोन्ही शाळा, जोडीला परतवाड्याची लाकडाची बाजारपेठ, आणि मोठ्या दवाखान्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर अमरावती. डोंगराच्या पायथ्याची जमीन असल्याने इथले पाणी गोड. मीटरवरचा आकडा पाहून आम्ही दोनदा बाटली बदलून खात्री केली.

पण इथेही एक शिकवण मिळाली. ज्या मामूंचे घर पाहायला गेलो, ते म्हणाले, “पानी गोड हाये, पन किती खोल हाये थेही इचारा.” इकडचा पट्टा संत्र्याचा. बागा वाढल्या, बोअर खोल गेले. वरूड-मोर्शीकडे तर भूजलाच्या अतिउपशाची चिंता जुनीच आहे. नोव्हेंबरात भरलेली विहीर मेमध्ये काय दाखवील, याची हमी कोण देणार? म्हणून मामूंनीच सुचवले: विकत घेऊ नका, वर्षभर भाड्याने राहा.

आम्ही तेच केले. फ्लॅट न विकता भाड्याने दिला आणि त्याच भाड्यात इथे अंगणाचे घर घेतले. मे महिना काढला. पारा 45 च्या आसपास गेला की कुलर दिवसभर पाणी पितो, आणि एका घराला खरोखर किती पाणी लागते ते तेव्हाच कळते. विहिरीची पातळी दर शुक्रवारी दोरी सोडून मोजली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तळाशी हातभर पाणी उरले होते, पण उरले होते.

घर पाहणाऱ्यांसाठी

असा विचार करणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून वहीतले थोडे इथे उतरवतो. घर हिवाळ्यात पसंत करा, पण पाणी उन्हाळ्यात पाहा. नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. मीटर फक्त अंदाज देते. मिस्त्रींना कपाटामागची भिंत दाखवा. आखीव पत्रिका, तीस वर्षांचा शोध अहवाल आणि वारसांची पूर्ण यादी मागा. जागा नझूलची किंवा वक्फची नाही ना, हे विचारा. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि शेजाऱ्यांना भेटा. घराआधी शेजार पाहावा, अशी अरबी म्हण आहे. फिक्हमध्ये तर शुफआ म्हणून घर आधी शेजाऱ्याला विचारण्याचा हक्कच मानला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1960 च्या दशकातल्या निकालांनंतर केवळ शेजारी म्हणून तो मागता येत नाही, पण त्यामागचे शहाणपण जुने झालेले नाही.

मागच्या महिन्यात दर्यापूरच्या दलालांचा फोन आला. “बहिनीचं नाव चढलं. धाकट्यानं भांडून चढवलं. आता कागद साफ हाये, येता काय?”

आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हटले. मग विचारले, पाणी?

“पानी तं खारंच हाये, भाऊ,” ते हसले. “थे कोनाच्या सहीनं गोड व्हत नाई.”

त्याच संध्याकाळी मूर्तिजापूरला फोन लावला. ती मशीनवर होती. बोलता बोलता शिवणाचा आवाज येत होता. म्हणाली, ईदला बारा वर्षांनी तिन्ही भाऊ एकत्र आले होते.