भांडे कोणते, आणि त्यात काय?

अलीकडे पितळेच्या भांड्यांना पुन्हा मान मिळू लागला आहे. मुले-सुना हौसेने आईवडिलांसाठी पातेली आणतात, कुणी माळ्यावरचे जुने टोप काढतात. यात वावगे काहीच नाही. पण वाचकहो, भांडे माळ्यावरून उतरते तेव्हा त्याची कल्हई बहुधा आधीच उतरलेली असते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ताक, चिंच, कोकम, टोमॅटो यांच्या आंबटपणामुळे हे धातू अन्नात उतरतात. असे अन्न पोटात गेले की थोड्याच वेळात मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होतात. ‘बाहेरचे काहीही खाल्ले नाही हो’, असे रुग्ण शपथेवर सांगतो, आणि ते खरेच असते. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी सकाळची कढी दुपारपर्यंत कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यातच ठेवली होती. तरुण माणूस दोन उलट्यांनंतर सावरतो. वृद्धांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी व क्षार आणखी घटतात, चक्कर येते आणि तोल जाऊन हाड मोडण्याची भीती असते. आजींवर सलाइन लावण्याची वेळ आली.

पूर्वी दारावर कल्हईवाला येई. भांडे तापवून त्यात नवसागर टाकी आणि कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. ही चंदेरी झिलई हेच अन्नाचे संरक्षण. आत पिवळसर-तांबूस डाग दिसू लागले की कल्हई संपली असे समजावे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. कडकडीत फोडणीही त्यात नको. तारेच्या घासणीने ते घासू नये. कल्हई शुद्ध कथलाची आहे ना, त्यात शिसे मिसळलेले नाही ना, हे आवर्जून विचारावे. आणि इतके करूनही कढी, सार, अळूचे फदफदे यांसाठी स्टीलच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲल्युमिनियममुळे स्मृतिभ्रंश होतो, हे सिद्ध झालेले नाही. त्या धास्तीने झोप घालवू नये. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी मात्र ते टाळावे, कारण शरीरात शिरलेले ॲल्युमिनियम मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. मला अधिक काळजी वाटते ती भंगार वितळवून केलेल्या, कसलाही छाप नसलेल्या स्वस्त भांड्यांची. आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, हिंडालियम व पितळी भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली दिला. परदेशातल्या नातवंडांसाठी सामानात कढई बांधणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे. शिशाचा सर्वाधिक घात लहानग्यांच्या वाढत्या मेंदूवर होतो. आपल्याकडे स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह अनिवार्य करणारा आदेश २०२४ साली निघाला आहे. खरेदीच्या वेळी ते चिन्ह पाहावे.

नॉनस्टिक तवा मंद आचेवर वापरावा, रिकामा तापत ठेवू नये. लेप उखडला की तो बदलावा. विसरभोळेपणा वाढलेल्या व्यक्तीच्या हाती तो मी देणार नाही.

लोखंडी कढईतली भाजी पंडुरोग असलेल्यांना उपकारक. शिजताच मात्र ती दुसऱ्या भांड्यात काढावी. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात लोह साचत असते, त्याच्यासाठी ही कढई नको.

बिडाच्या कढईविषयी माझी शंका निराळी आहे. ती जड असते. संधिवाताने आखडलेल्या मनगटाला उकळत्या आमटीसह ती पेलत नाही, आणि भाजल्याच्या जखमा या वयात लवकर भरत नाहीत. दोन्ही बाजूंना पक्के कान असलेले, जाड बुडाचे, मध्यम आकाराचे स्टीलचे पातेले अशा घरी सोयीचे. दुकानात ते आपण उचलून पाहू नये; ज्या आईला किंवा सासूबाईंना ते रोज चुलीवरून उतरवायचे आहे, त्यांच्याच हातात द्यावे, आणि जमल्यास अर्धे पाण्याने भरून.