वरच्या वर्गात गेली, पण सुटली नाही

‘क्रेडिट, श्रेणी, केटी हे सगळं एकदा आमच्या वाचकांना सोपं करून सांगा,’ असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी लगेच होकार कळवला. कारण या उन्हाळ्यातला एक निकाल अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलगी पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवरची. घराण्यातली पहिली पदवीधर होणार होती. २०२२ साली तिने महाडला प्रथम वर्ष कला शाखेत प्रवेश घेतला आणि २०२५च्या उन्हाळ्यात सहाव्या सत्राचे सगळे विषय चांगल्या श्रेणीत सोडवले. बी.एड.ची सीईटी देऊन झाली होती. वाडीत पेढे वाटून झाले होते. पण निकालाच्या ओळीच्या शेवटी तीन अक्षरं छापली होती: आर.एल.ई. रिझर्व्ह्ड फॉर लोअर एक्झामिनेशन. खालच्या सत्राचा विषय राहिलेला आहे, तो सुटेपर्यंत हा निकाल राखून ठेवला आहे.

तिचे वडील महाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत. पाळी संपवून ते तसेच आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात आले आणि म्हणाले, “मॅडम, पोरगी तिसऱ्या वर्षाला गेली. पहिलं वर्ष पास झाली म्हणूनच गेली ना?”

मी अनेक वर्षं परीक्षा विभागाचं काम बघते आहे. एवढ्या वर्षांत पालकांनी विचारलेला सगळ्यात रास्त प्रश्न हाच. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि का नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी कपाटातून प्रथम वर्षाचं गॅझेट काढलं. मुंबई विद्यापीठात तिच्या तुकडीच्या पद्धतीत पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा महाविद्यालयच विद्यापीठाच्या वतीने घेतं, त्यामुळे ती जाडजूड निकालपत्रकं आमच्याकडेच असतात. तिच्या बैठक क्रमांकापुढे फाउंडेशन कोर्सच्या रकान्यात तीन आकडे होते. लेखी परीक्षेत ७५ पैकी ४१, अंतर्गत मूल्यमापनात २५ पैकी ५, एकूण ४६. आणि पुढे एफ. शंभरात ४६ मिळालेली मुलगी नापास कशी, हे घरी कुणालाच उमगलं नव्हतं. नियम असा, की लेखी आणि अंतर्गत या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत. ७५ पैकी ३० आणि २५ पैकी १०. एकीकडचे जास्तीचे गुण दुसरीकडे वळते होत नाहीत. तिला वर्गातल्या सहभागाचे ५ पैकी ५ होते. प्रकल्पाचे २० मात्र पूर्ण बुडाले होते, कारण वही मुदतीत पोहोचली नाही. ग्रेस गुणांनी हे भरून निघत नाही. ग्रेस एकदोन गुणांसाठी असते, पाच गुणांची खोट ती भरत नाही.

आता पुढचा टप्पा. एखाददुसरा विषय राहिला तर एटीकेटी मिळते, म्हणजे पुढचं सत्र भरायला परवानगी मिळते. ती माफी नव्हे. तिने तिसरं आणि चौथं सत्र पूर्ण सोडवलं होतं. पहिल्या वर्षाची केटी, म्हणजे राहिलेला विषय, शिल्लक असली आणि दुसरं वर्ष पूर्ण सुटलेलं असलं, तर पाचव्या सत्रात प्रवेश मिळतो, अशी तरतूद त्या नियमांत आहे. उलट बाजूने, पहिलं वर्ष पूर्ण सुटलेलं आणि दुसऱ्या वर्षाची केटी, हेही चालतं. दोन्ही वर्षांचे विषय एकाच वेळी डोक्यावर असले तर मात्र वाट अडते. म्हणून ती तिसऱ्या वर्षाला गेली ते नियमानेच गेली. आणि सहाव्या सत्राचा निकाल आधीची पाचही सत्रं सुटेपर्यंत राखून ठेवायचा, हाही त्याच नियमावलीतला नियम. फेरपरीक्षेच्या सूचना फलकावर वेळच्या वेळी लागल्या होत्या. कुठेच काही चुकलेलं नव्हतं, तरी मुलीचं वर्ष गेलं. हेच मला सोडत नाही.

‘वर गेला म्हणजे पास झाला’ ही समजूत काही महाविद्यालयात तयार होत नाही. ती शाळेतून येते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि संकलित अशा दोन भागांत मूल्यमापन करायचं आणि प्रगतिपत्रकावर अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणी द्यायच्या. ९१ आणि त्यापुढे अ-१, ३३ ते ४० ड, त्याखाली इ-१ आणि इ-२. या इ श्रेणीचा अर्थ ‘या मुलाला जादा मार्गदर्शन हवं आहे’ असा होता. मूल आहे तिथून उचलायचं, असा त्यामागचा विचार. पण जादा तासाला शिक्षक कुठून आणायचा? एकाच शिक्षकाने दोनतीन इयत्ता एकत्र बसवून शिकवायच्या, अशा शाळा आमच्या डोंगरी भागात आहेत. तिथे इ-१ मिळालेलं मूल पुढच्या जूनला वरच्या वर्गात बसलं एवढंच पालकांना दिसलं. ‘नापास करत नाहीत म्हणून पोरं बिघडली’ हे वाक्य मी लग्नमंडपातही ऐकते आणि मला ते पटत नाही. मुलं बिघडली नाहीत, श्रेणीबरोबर जी मदत द्यायची होती ती पोहोचली नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात न सुटणाऱ्याला फेरपरीक्षा आहे आणि त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं. जादा तासाच्या शिक्षकाचा प्रश्न होता तिथेच आहे.

दहावीलाही तोच घोळ. एकदोन विषय राहिलेल्याला अकरावीत प्रवेश मिळतो, आणि घरात दहावीचा विषय तिथेच मिटतो. त्या मुलाच्या हातात दहावी उत्तीर्णचं प्रमाणपत्र नसतं. पुढे आयटीआयच्या किंवा भरतीच्या खिडकीवर कागद मागितले की घरात एकदम रडारड.

क्रेडिटबद्दलही पालकांच्या मनात असाच धूसरपणा आहे. क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत. क्रेडिट म्हणजे वेळ. पंधरा तासांचं वर्गातलं शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. ही कल्पना अमेरिकेतून आली आणि तिचा उगम फार वेगळ्या ठिकाणी आहे. १९०६ साली कार्नेगी प्रतिष्ठानाला प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायचं होतं. कोणतं महाविद्यालय त्यासाठी पात्र धरायचं हे ठरवताना त्यांनी शाळेतल्या अभ्यासाचे तास मोजायचं एकक पक्कं केलं. युरोपात विद्यार्थ्याने घरी केलेला अभ्यासही मोजतात. त्यांच्या एका क्रेडिटमागे वर्गातले आणि घरचे मिळून विद्यार्थ्याचे पंचवीस ते तीस तास असतात आणि वर्षाला साठ क्रेडिट होतात. आपण शिकवण्याचे तास मोजतो.

आमच्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ काय होतो, ते सांगते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रत्येक सत्राला २० ते २२ क्रेडिट आहेत. वर्षाचे ४० ते ४४ झाले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं (त्यासाठी आणखी चार क्रेडिटचं कौशल्याचं काम करावं लागतं), दोन वर्षांनी पदविका, १२० ते १३२ झाले की तीन वर्षांची पदवी, १६० ते १७६ झाले की चार वर्षांची ऑनर्स. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असे खण पाडलेले आहेत आणि प्रत्येक खण वेगळा भरावा लागतो. मेजरमध्ये जास्त क्रेडिट मिळवले म्हणून कौशल्याचा रिकामा खण भरत नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. महाड शहरातल्या मुलाला एमआयडीसी जवळ आहे. वाडीवरून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या आणि शेवटच्या एसटीने परतणाऱ्या मुलीने हे तास कुठून काढायचे? जुलै-ऑगस्टात सावित्री नदीचं पाणी चढलं की शहरच बंद पडतं. २०२१च्या २२ जुलैला काय झालं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या पुरात घरोघरच्या कपाटातली कागदपत्रं चिखलात गेली. घाटात दरड आली की पोलादपूरची मुलं चार दिवस येऊ शकत नाहीत. वेळापत्रक आखणाऱ्याने पाऊस धरलेला नसतो.

मिळालेले क्रेडिट २०२१ साली सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य धरले जातात. लग्न किंवा नोकरीमुळे शिक्षण सुटलेल्या मुलींना ही सोय फार मोलाची आहे आणि मी तिची मनापासून पुरस्कर्ती आहे. बँकेतला बारा आकडी क्रमांक मात्र प्रत्येक मुलीला पाठ हवा.

आता ज्या प्रश्नावर मी गेली काही वर्षं दिसेल त्याच्याशी वाद घालते, तो प्रश्न. सीजीपीएची, म्हणजे सगळ्या सत्रांच्या ग्रेड पॉइंटच्या सरासरीची, टक्केवारी. लोक सरळ दहाने गुणतात, आणि जरा माहीतगार असले तर साडेनऊने. हा साडेनऊचा आकडा सीबीएसईच्या दहावीचा. तिथे २०१० ते २०१७ या काळात निकाल श्रेणीत लागत आणि त्यांच्या श्रेणीच्या पट्ट्या वेगळ्या होत्या. आमच्या विद्यापीठात २०१६-१७ पासूनच्या पद्धतीत ८० आणि त्यापुढे ओ, म्हणजे १० ग्रेड पॉइंट. ७० ते ८०च्या आत ए प्लस, ९. ६० ते ७०च्या आत ए, ८. ५५ ते ६०च्या आत बी प्लस, ७. आणि असं करत ४० ते ४५च्या आत डी, ४.

तीन मुलं घ्या. एकाला सगळ्या विषयांत ६०, दुसऱ्याला सगळ्यांत ६९, तिसऱ्याला सगळ्यांत ५९. पहिल्या दोघांचा सीजीपीए ८, तिसऱ्याचा ७. नऊ गुणांच्या अंतराने काहीच फरक पडला नाही आणि एका गुणाने पूर्ण एकाचा फरक पडला. आता दहाने गुणा. ६० टक्केवाल्याचे ८० झाले. सगळ्या विषयांत ८० मिळवणाऱ्याचे तर १०० झाले. हा आकडा नोकरीच्या अर्जात भरला की पडताळणीच्या वेळी खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो, आणि मुलाने लबाडी केलेली नसते. शिवाय सीजीपीएत क्रेडिटचं वजन असतं. चार क्रेडिटच्या विषयात ए आणि दोन क्रेडिटच्या विषयात ओ मिळाला, तर चार अठ्ठे बत्तीस आणि दोन दाहे वीस, मिळून ५२, भागिले सहा, म्हणजे ८.६७. श्रेणी उलट्या लागल्या तर ५६ भागिले सहा, ९.३३. गुणपत्रिकेवर श्रेणीशेजारी गुण छापलेले असतात. टक्केवारी हवी असेल तर त्यांची बेरीज करा, किंवा विद्यापीठाने तुमच्या अभ्यासक्रमासाठी ठरवून दिलेलं सूत्र वापरा. नव्या धोरणाच्या तुकड्यांनी गुणपत्रिकेच्या मागचा तक्ता बघावा. मोठ्या भावाचा नियम धाकट्याला लागू होईलच असं नाही. ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या तुकडीचे नियम लागू होतात, आणि हे सांगून सांगून माझा घसा बसला आहे.

पुन्हा त्या मुलीकडे येते. तिला पहिल्या सत्राच्या त्या एका विषयाचा फॉर्म भरून, प्रकल्प करून द्यावा लागला. बी.एड.चा यंदाचा प्रवेश हुकला. केटीची सवलतच काढून टाका, असं काही सहकारी म्हणतात. मला ते मान्य नाही. ही सवलत नसती तर ती २०२३ सालीच घरी बसली असती आणि तिचं लग्न लागून गेलं असतं. अशा मुली मी पाहिल्या आहेत. सवलत राहायलाच हवी. पण विद्यापीठाची गुणपत्रिका इंग्रजीत असते आणि तीही एकेका सत्राची सुटी. मागचं काय राहिलं आहे ते सहा कागद शेजारी शेजारी मांडल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेवर शेवटी मराठीत दोन ओळी छापल्या पाहिजेत: आजवर इतके क्रेडिट मिळाले, अमुक सत्राचा अमुक विषय बाकी आहे, तो सुटल्याशिवाय पदवी मिळणार नाही. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. आमच्या विभागात आम्ही या सत्रापासून हे हाताने सुरू केलं आहे. केटी असलेल्या प्रत्येकाच्या गुणपत्रिकेला मराठीत लिहिलेली चिठ्ठी जोडतो आणि पालकांची सही आणायला सांगतो. काम वाढलं आहे, आमचे कर्मचारी कुरकुर न करता करत आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

महाड-पोलादपूरच्या ज्या घरांत मूल महाविद्यालयात शिकत आहे, त्यांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी असतील. आजवरच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका एका जागी काढायला सांगा. एकूण गुणांकडे बघू नका. प्रत्येक विषयापुढचं शेवटचं अक्षर बघा. कुठेही एफ दिसला किंवा एखादा कागदच सापडला नाही, तर सुट्टी संपताच मुलाला घेऊन त्याच्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात जा आणि पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारून घ्या. माहिती विचारायला कुठलंही शुल्क लागत नाही.