उच्चार स्वच्छ

हौशी नाटकात काम केलेल्यांना परीक्षणाचा साचा पाठ असतो. मुख्य भूमिकेला पाच-सहा ओळी, नेपथ्य आणि प्रकाशयोजनेला एकेक, आणि शेवटी ‘इतरांची साथ चांगली’. त्या ‘इतरां’त आपण नसावं एवढीच आमच्यासारख्यांची इच्छा.

राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही ‘तुघलक’ केलं तेव्हा मी नव्हतोही. गिरीश कार्नाडांच्या या नाटकाचा मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांचा. मी अझीझ. जातीचा धोबी, ब्राह्मणाचं सोंग घेऊन खुद्द सुलतानाविरुद्ध दावा जिंकणारा बिलंदर माणूस. नटाला याहून काय हवं?

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात परीक्षण आलं. सुलतान झालेल्या मित्राचं भरभरून कौतुक. माझ्याविषयी दोन वाक्यं: अझीझची भूमिका ठीक. उच्चार स्वच्छ.

‘ठीक’ने दिवसभर जाळलं. शिवी परवडते, तिच्यावर चहा पिता पिता भांडता तरी येतं. ‘ठीक’वर काय बोलणार? पण रात्री झोप उडवली ती दुसऱ्या वाक्याने. अकरा जणांच्या संचात उच्चारांचं प्रमाणपत्र एकट्या मला! जोशी-कुलकर्ण्यांचे उच्चार स्वच्छ असतात हे कुणी छापत नाही. दिग्दर्शक म्हणाला, “अरे, कौतुकच केलंय की.” त्याला कसं सांगणार? ‘तुम्ही मराठी छान बोलता हो’ हे मी शाळेपासून ऐकत आलोय, आणि ते म्हणणारा माणूस बहुतेक वेळा भलाच असतो. त्यामुळे रागावताही येत नाही.

अब्बांनी तेवढा तुकडा कात्रीने कापून कुराणाच्या शेल्फाखालच्या फाईलमध्ये ठेवला. “नाव छापून आया ना बेटा, बस्स.”

आठवडाभर मी त्या समीक्षकाशी मनातल्या मनात भांडलो. मग एका रात्री एकटाच पहिला प्रवेश म्हणून बघितला, आणि थांबलो. ब्राह्मणाच्या वेषातले संवाद मी कसे म्हणत होतो? प्रत्येक ‘ण’ आणि ‘ळ’ नीट घासून-पुसून, परीक्षेला बसल्यासारखे. अझीझला तर सोंगाची मजा वाटते. समोरचे फसताहेत याची त्याला आतून गुदगुली होत असते. ती माझ्यात नव्हती. आझम त्याला ओळखतो, दोघेच उरतात, तिथेही माझी भाषा तशीच इस्त्रीची! धोबी तेवढा दिसत होता तो कपड्यांच्या बाबतीत. समीक्षकाला फक्त उच्चार दिसले, कारण मी रंगमंचावर नेलेच होते फक्त उच्चार. त्याने तसं का लिहिलं असेल याबद्दलचा माझा संशय अजून आहे. पण ‘ठीक’ बरोबर होतं.

पुढे गावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आणखी एक प्रयोग झाला. आझमबरोबरच्या प्रसंगात मी घरची बोली सोडून दिली. आमच्याकडे ‘वक्त’चा ‘वखत’ होतो, तसा होऊ दिला. विंगेतला प्रॉम्प्टर घाबरून पानं उलटायला लागला. आझम झालेला कुलकर्णी एक क्षण गडबडला, मग त्यालाही चेव चढला. तिसऱ्या रांगेतून अब्बांचं हसू ऐकू आलं, खोकल्यात संपणारं.

त्या प्रयोगाचं परीक्षण कुठेच आलं नाही.