स्नेहसंमेलनात अक्षरं किती?

मी पक्का कॉन्व्हेंटवाला. तरी गॅदरिंगच्या वेबपेजचं मराठी शीर्षक माझ्याच गळ्यात पडलं, कारण हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर जावास्क्रिप्ट येणारा मी एकटाच. आयडिया सोपी होती: 'स्नेहसंमेलन'मधलं एकेक अक्षर उडी मारत येणार. स्प्लिट केलं, रन केलं... आणि पडद्यावर भूकंप! स एकीकडे, पाय मोडल्याची खूण दुसरीकडे, मात्रा ठिपक्यांच्या गोलावर एकटीच बसलेली. लांबी विचारली तर म्हणे ११.

रात्री साडेदहाला नेरूळच्या आमच्या गच्चीवरून (रूममध्ये रेंज कुठे!) रोह्याला आजीला फोन लावला. "आजी, स्नेहसंमेलनात अक्षरं किती गं?"

"सहा. स्ने-ह-सं-मे-ल-न. एवढंही शिकवलं नाही का रे शाळेत?"

खरंच नव्हतं शिकवलं. तिला तसं सांगवेना.

मग 'इंटल डॉट सेगमेंटर' सापडलं. अक्षरं नीट तोडणारं. क्रोममध्ये ते २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये आलं थेट एप्रिल २०२४ मध्ये. लॅबमधले ब्राउझर त्याहून जुने, तिथे पेज कोरं! रूममेटच्या लॅपटॉपवर उत्तर आलं सात. स् वेगळा, ने वेगळा. शोधल्यावर कळलं, आपली जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम युनिकोडने २०२३ साली १५.१ आवृत्तीत आणला. आजीला तो चौथीपासून पाठ.

शेवटी सहा तुकडे हातानेच ॲरेत लिहिले. सरांनी कोड बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हार्डकोड केलंस?"

"सर, आजीने मोजलेत."