दोन्ही हात मशीनला

आमच्याकडं माणसाला झाडावर चढायला शिकवावं लागत नाही. भालकी, बसवकल्याण, औराद, तिकडं आळंद, या सगळ्या पट्ट्यात बांधाबांधावर चिंच आहे, लिंब आहे, बाभूळ आहे. माघ-फाल्गुनात चिंच पिकली की गुत्त्यानं घेतलेल्या झाडांवर पोरं अनवाणी चढतात आणि शेंड्याच्या फांदीवर उभं राहून काठीनं झोडतात. कुऱ्हाडीचं कामही याच रीतीनं व्हायचं. डाव्या हातानं वरची फांदी धरायची, उजव्या हातानं घाव घालायचा. एक हात कामाला आणि एक हात जिवाला, अशी ती वाटणी होती. ती वाटणी ज्यांनी पाळली ते म्हातारे होईपर्यंत झाडावर चढले.

मग कटर आलं. चेनसॉला इकडं कुणी चेनसॉ म्हणत नाही, कटरच म्हणतात. कटरला दोन्ही हात लागतात. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वळवून घट्ट. उजवा मागच्या मुठीवर, बोट घोड्यावर. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला तर पट्टी उसळून तोंडाकडं येते, आणि ती रोखायला डाव्या हाताची पकड आणि त्याच्या पुढचा ब्रेक एवढंच असतं. साखळी पूर्ण वेगात सेकंदाला वीसेक मीटर धावते. तेव्हा कटर एका हातानं चालवायचं नसतं, कुणी कितीही दांडगा असला तरी.

दोन्ही हात असे मशीनला गेले, तर झाडावरच्या माणसाला धरायचं कुणी? मशीन गावोगाव पोचलं, बाजारात टांगलेलं दिसू लागलं, पण माणसाला धरून ठेवणारा दोर आणि पट्टा काही त्याच्यासोबत आला नाही. म्हणून आजही रस्त्यानं जाताना दिसतं: एक पाय बेचक्यात, काखेत फांदी, आणि उजव्या हातात सुरू असलेलं कटर. माझ्याकडं कुणी तरुण येतो आणि विचारतो, “भाऊ, कोणतं कटर घेऊ?” मी त्याला आधी विचारतो, दोर कोणता आहे. बहुतेक वेळा तो गाडीला माल बांधायचा निळा दोर दाखवतो.

दोन्ही हात मोकळे ठेवून झाडावर थांबण्याची विद्या या भागाला नवी नाही. बिदरहून झहीराबाद तीसेक किलोमीटर. तिकडं तेलंगणात ताडी काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कमरेभोवती आणि खोडाभोवती एकच दोर फिरवून, त्याच्यावर मागं रेलून, दोन्ही हातांनी पोय छाटत आणि मडकं बांधत आले आहेत. त्या दोराला ते मोकू म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतला झाडकामगार कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना अडकवून खोडाभोवती जी दोरी घेतो, तिचं तत्त्व हेच. पण मोकूला एक मर्यादा आहे. पाय घसरला की तो माणसासकट खाली सरकत येतो. यावर २०२४ च्या जुलैमध्ये तेलंगणा सरकारनं ताडी कामगारांसाठी ‘काटमय्या रक्षा कवचम्’ नावाचा सुरक्षा संच काढला. एखाद्या सरकारनं झाडावर चढणाऱ्या माणसाचा विचार केला, याचं मला मोल वाटतं.

तरी ताडावरचं सामान जसंच्या तसं चिंचेवर चालत नाही. ताडाला फांद्या नसतात, खोडाभोवतीचा फेरा तळापासून शेंड्यापर्यंत सरकवत नेता येतो. चिंचेला चार हातांवर बेचकं, तिथून पुढं दर हातावर फांदी. प्रत्येक फांदीशी फेरा सोडून वरून पुन्हा घ्यावा लागतो, आणि ज्या क्षणी तो सोडला त्या क्षणी माणूस उघडा पडतो. म्हणून फांद्यांच्या झाडाला दोन दोऱ्या हव्यात. पहिली वर अडकली, तिच्यावर वजन टाकून पाहिलं, मगच दुसरी सोडायची. आणि कटर सुरू करण्याआधी दोन्ही अडकलेल्या हव्यात: एक वरच्या भक्कम बेचक्यातून आलेला मुख्य दोर, दुसरी खोडाभोवतीची आखूड दोरी. ही आखूड दोरी पोलादी गाभ्याची मिळते, ती घ्यावी. साखळी पूर्ण वेगात घुसली तर तीही तुटते, पण ओझरत्या स्पर्शानं साधी दोरी जशी जाते तशी ती जात नाही.

पट्ट्याबद्दल सांगायचं तर दुकानात ‘सेफ्टी बेल्ट द्या’ म्हटलं की बांधकामावरचा पट्टा हातात ठेवतात. आयएस ३५२१ हा आपल्याकडचा मानक क्रमांक त्यावर असला म्हणजे वस्तू खोटी नाही. पण तो पट्टा पडणाऱ्याला पकडण्यासाठी केलेला आहे, कामाला बसण्यासाठी नाही. त्याचं कडं पाठीवर असतं. त्यावर लोंबकळलात तर तोंड जमिनीकडं आणि हात हवेत. झाडाच्या कामाला मांड्यांना रुंद आधार देणारा, कमरेच्या दोन बाजूंना कडी असलेला आणि पुढं मध्यभागी दोर अडकवायची जागा असलेला पट्टा लागतो. ज्याला तो परवडत नाही त्यानं निदान बाजूच्या कड्यांचा पूर्ण अंगाचा पट्टा घ्यावा. विकत घेण्याआधी दुकानातच तुळईला टांगून त्यात थोडा वेळ बसून पाहावं. दुकानदार हसला तर हसू द्यावं. मांडीला मुंग्या आल्या तर तो पट्टा आपला नाही.

दोरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आमच्या आजोबांच्या पिढीनं अंबाडीचा दोर स्वतः वळला, त्यांना प्रत्येक पेड ठाऊक होता. आज आपण दुसऱ्यानं केलेल्या दोरावर जीव टाकतो, तर त्याची माहिती तरी असावी. तो स्वस्त निळा दोर पॉलिप्रोपिलीनचा असतो. उन्हात त्याचे धागे ठिसूळ होतात, आणि १६० अंशांच्या आसपास तो वितळतो. नायलॉन २०० च्या बरंच वर टिकतं. वितळण्याचा इथं काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की, उतरताना माणसाचं सगळं वजन एका सरकत्या गाठीवर असतं आणि ती गाठ घासून तापते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं १९३१ मध्ये दाखवलेली गाठ आज झाडकामात नाना रूपांत वापरतात. वजन पडलं की ती आवळते, हातानं दाबली की सरकते. निळ्या दोरावर ती चकचकीत होऊन बसते, आणि चकचकीत झालेल्या जागी पुढच्या वेळी ती धरेलच असं नाही.

झाडकामाचा दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणणारा आणि २४ किलोन्यूटनच्या आसपास तुटणारा असतो, म्हणजे साधारण २४०० किलोंचा भार. ऐंशी किलोंच्या माणसाला एवढं कशाला, असं विचारणाऱ्याला मी सांगतो की गाठ मारली की त्यातला तिसरा हिस्सा तरी गेलाच, बेचक्यातून जाताना घासला तो वेगळा, आणि हातभर ढिला सोडून पडलात तर झटका वजनाच्या कितीतरी पट होतो. शिवाय दोर कुठं ठेवला होता तेही पाहावं. नायलॉनला बॅटरीचं आम्ल खातं, आणि दिसत काहीच नाही. ट्रॅक्टरच्या डब्यात जुन्या बॅटरीशेजारी पडलेल्या दोरावर मी कुणाला चढू देत नाही, तो कोरा करकरीत असला तरी. खराब झालेला दोर फेकूनही देत नाही. हातभर तुकडे करून टाकतो, म्हणजे तो कुणी उचलून वापरणार नाही.

एवढं झाल्यावर कटर. इकडं सगळ्यांची नजर आधी मोठ्या पट्टीवर जाते. बाजारात ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं यंत्र स्वस्तात मिळतं आणि दिसायला दांडगं असतं. पण चिंचेच्या गाभ्याचं लाकूड घाण्याला वापरत आले, ते उगाच नाही. पट्टी पूर्ण बुडाली की इंजिन गुदमरतं, माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेलं कटर सुटलं की कुठं जाईल सांगता येत नाही. जमिनीवरच्या कामाला ४५ ते ५० सीसी आणि १६ किंवा १८ इंची पट्टी पुष्कळ होते. दोन्ही बाजूंनी कापलं तर १६ इंची पट्टी अडीच फुटांच्या आसपासचा बुंधा पार करते. त्याहून मोठी झाडं नेहमीच पाडायची असतील तर ७० सीसीच्या वर्गातलं घ्यावं, पण ते जमिनीवरच राहू द्यावं.

झाडावर न्यायचं यंत्र वेगळंच: ३० ते ३५ सीसी, १२ किंवा १४ इंची पट्टी, वजन चार किलोंच्या आत. वरच्या मुठीचं कटर खास याच कामासाठी निघालं आहे आणि ते फार हाताशी येतं. नवख्याला मात्र मी ते घेऊ देत नाही, कारण त्याची ठेवणच एका हाताचा मोह घालणारी आहे. त्याच्यासाठी मी मागच्या मुठीचं लहान कटर सांगतो, आणि त्याच्याही आधी ओढताना कापणारी, बाकदार जपानी धाटणीची हातकरवत. मनगटाएवढ्या फांदीला इंजिन सुरू करायचं कारणच नाही. बॅटरीवरची कटरं आता चांगली येतात. झाडावर दोरी ओढून सुरू करण्याचा त्रास वाचतो, खालच्याची हाक ऐकू येते. पण बॅटऱ्या महाग आहेत, आणि खेड्यात दिवसाउजेडी वीज केव्हा असेल त्यावर काम ठरवावं लागतं.

पेट्रोलच्या यंत्राला आता एक नवी काळजी लागली आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं आणि टाकीत पडून राहिलं की कार्बोरेटरच्या पातळ पडद्यांचं नुकसान करतं. लागेल तेवढंच, लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल घालून मिसळावं, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेवावी.

साखळीचं मला कौतुक वाटतं. अमेरिकेच्या ओरेगनमधला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या. १९४६ मध्ये त्यानं एका ओंडक्यात किड्याची अळी पाहिली. ती रेषेच्या बाजूनं आणि आडवी, दोन्हीकडं सहज लाकूड कुरतडत होती. तिच्या जबड्याची ठेवण पाहून त्यानं दातांचा नवा आकार केला. आजची साखळी त्याच वंशातली आहे. तो दात काळ्या मातीच्या धुळीत, सालीत अडकलेल्या खड्यांत आणि रस्त्याकडेच्या लिंबात पाट्यांसाठी ठोकलेल्या खिळ्यांत बोथट होतो. चुरा जाड कुटक्यांचा पडायच्या ऐवजी पिठासारखा पडू लागला की थांबायचं आणि कानस काढायची. ३/८ मापाच्या साखळीला ५.२ मिलिमीटरची, लहान कटरच्या बुटक्या ३/८ ला ४ मिलिमीटरची. साखळीचं माप पाहून कानस घ्यायची. दुकानात असेल ती घेतली की दाताचा आकारच बिघडतो.

आता झाडाबद्दल, कारण हे सगळं शेवटी त्याच्याच अंगावर चालतं. फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगवटा असतो. ॲलेक्स शिगो या अमेरिकी शास्त्रज्ञानं हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की जखम झाल्यावर झाड ती भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालतं, आणि ती भिंत घालण्याची ताकद या फुगवट्यात आहे. म्हणून आधी थोडं पुढं खालून खाच, मग त्याहून बाहेर वरून काप, फांदी पडली की उरलेला खुंट फुगवट्याला न दुखवता काढायचा. तीन काप. एक हात फांदीला देऊन लटकलेल्या माणसाला हे जमत नाही. तो हात पोचेल तिथं कापतो, फांदी आपल्या वजनानं साल ओरबाडत खाली येते, आणि पुढच्या काही पावसाळ्यांत तिथं ढोली पडते. गावच्या कुठल्याही जुन्या लिंबाच्या जखमा पाहा, छाटणाऱ्याचे हात मोकळे होते की नव्हते ते कळतं. बुटाचे काटेही तसेच. जे झाड पाडायचंच आहे त्यावर खुशाल वापरावेत. छाटून जगवायचं आहे त्याच्या खोडात लोखंड रोवू नये.

खालचा माणूस हाही सामानाचाच भाग समजतो मी. एक फूट जाडीची, तीन फूट लांब ओली फांदी साठ-सत्तर किलोंची भरते. ती दोरानं उतरवायची तर खाली जाणता माणूस हवा. आमच्या टोळीत मराठी, कानडी, दखनी सगळं चालतं. पण कानडीत ‘हिडी’ म्हणजे धर आणि ‘बिडू’ म्हणजे सोड, आणि कटरच्या आवाजात दोन्ही सारखेच कानावर येतात. म्हणून आम्ही शिट्ट्या ठरवल्या. एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या सोड. शिवाय खालच्यालाही चढता आलं पाहिजे आणि त्याच्यासाठी दुसरा दोर तयार हवा. पट्ट्यात बेशुद्ध लोंबकळणाऱ्याच्या पायात रक्त साचत जातं. बिदरहून गाडी येईपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ त्याच्याकडं नसतो.

चढण्याआधी आग्या मोहोळ पाहावं, कुऱ्हाडीचा तुंबा आपटून खोड पोकळ आहे का ऐकावं. विजेच्या तारा जवळ असतील तर जेस्कॉम या वीज कंपनीकडून लाइन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय पाय उचलू नये. परवानगीचा कागद आधी हातात हवा. इकडं १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा आहे, उदगीर-निलंग्याकडं १९६४ चा महाराष्ट्राचा.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. चांगला दोर, पट्टा, दोन दोऱ्या, आपोआप बंद होणाऱ्या कड्या, हनुवटीला बांधायचं हेल्मेट यांची किंमत लहान कटरच्या वर जाते, आणि रोजंदारीच्या माणसाला ती एकट्यानं पेलत नाही. ती त्यानं पेलावी असं मला वाटतही नाही. गुत्ता घेतो तो गुत्तेदार डिझेल धरतो, ट्रॅक्टरचं भाडं धरतो, मग दोरही धरायला हवा. मी भाव सांगताना ‘दोर-पट्टा’ अशी वेगळी ओळ लिहून देतो. मालक विचारतात की हे काय, तेव्हा पोतं उघडून सामान समोर मांडतो आणि कशाचं काय काम ते सांगतो. काही जण तरी घासाघीस करतात. पुष्कळ जण त्या ओळीला हात लावत नाहीत, बाकीच्यात कमी करा म्हणतात. बाकीच्यात मी कमी करतो.